धर्माबादच्या लेखाची पंगत

लातूर, सोमवार

चि. वीरेश यास विरूपाक्षमामाचे आशीर्वाद. नांदेडात तुझा खोकला थांबला असेल. इकडे आम्ही ठीक. (मला दोन दिवस जेवण जात नाही, पण ते भीतीने. फोन केला असता, पण वहिनींना सगळं ऐकू येतं.)

रविवारी दादांचं वर्षाचं पुण्यस्मरण. त्यांच्या कामाबद्दल दोन शब्द बोलायचे म्हणून मी त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. कुठल्या लेखाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, ते तिथल्या मंजुषाबाईंनी काढून दिलं. दुसऱ्यांचेच लेख वाचून, पंख्याखाली बसून पंधरा दिवसांत लिहिलेल्या आढाव्याला शहाऐंशी. आकडेवारीच्या लेखाला चौदा. आणि धर्माबादच्या हमालांवरचा, ज्यासाठी दादा दोन वर्षं मिरचीच्या पोत्यांत शिंकत बसले, त्याला एक. बाई म्हणाल्या, "असंच असतंय काका. आढावा समद्यांच्या कामाला येतो. एका गावाचा अभ्यास कोण बघतंय?"

वहिनींना मात्र तेवढाच लेख ठाऊक. (दोन वर्षं भाकऱ्या त्यांनीच बांधून दिल्या.) घरी येताच विचारलं, धर्माबादच्या लेखावरून ह्यांचं नाव किती जणांनी घेतलं? मी घाबरून "बरेच" म्हणालो. "मग त्यांना जेवायला बोलवा की भाऊजी! गेलेल्या माणसाचं नाव कोण घेतंय आजकाल? जंगमस्वामींच्या पंगतीला बसवू." वीस पानं वाढायचं ठरलंसुद्धा. आढाव्याच्या लोकांना बोलवू का म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याला माझी एक भाकर तरी लागली का?"

त्या एकाचा तरी पत्ता काढावा म्हणून मी परत ग्रंथालयात गेलो. तो संदर्भ दादांनीच पुढच्या एका लेखात स्वतःचा दिलेला निघाला. म्हणजे बोलवण्यासारखा जो एक माणूस आहे, त्याचंच पुण्यस्मरण आहे. आता वहिनी पाहुण्यांची नावं विचारायला आल्या की मी मोरीत जाऊन बसतो.

पुनमला आशीर्वाद. जपून राहा.

तुझा मामा,
विरूपाक्ष

ता. क. तुझा प्रबंध मजुरांवरच आहे ना? लेख सोबत ठेवला आहे. पटला तरच एक ओळ लिही, खोटं नको. मी काल पहिल्यांदा वाचला. चांगला आहे रे. दादा असताना वाचायला हवा होता.

आणखी ता. क. वहिनी आत्ताच पुन्हा येऊन गेल्या. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. "आपला वीरेश?" म्हणाल्या आणि वर्षात पहिल्यांदा हसल्या. रविवारी सकाळच्या एसटीने ये. लेखाची सव्वीस पानं आहेत, अहमदपूर यायच्या आत वाचून काढ. त्या प्रश्न विचारणार आहेत.