मावशीच्या नाटकाचं शेवटचं वाक्य

द्वारका, नवी दिल्ली
१२ ऑक्टोबर

ती. रसिकाताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात आठपैकी पाचच अंगं आता जमिनीला टेकतात.) सिडनीतली थंडी सरली असेल आणि भावोजींचा खांदा निदान कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत पोचत असेल, अशी आशा आहे. मुलांना आशीर्वाद. आम्ही इथे श्वास घेतोय. ऑक्टोबरातल्या दिल्लीकराने याहून जास्त फुशारकी मारू नये.

परवा फोनवर तू विचारलंस, "आईचं नाटक कसं झालं?" मी "मस्त" म्हणालो आणि फोन तुझ्या भावजयीच्या, क्षिप्राच्या हातात देऊन गच्चीत गेलो. त्या 'मस्त'मध्ये बरंच काही दडपलंय, ते आता लिहितो.

सात वर्षांपूर्वी तुझी आई, आमची द्वारकामावशी, दोन मजले चढून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "उन्मेष, मंडळाच्या गणपतीत मला नाटकात काम करायचंय. तू लिही. आईचं काम नको, रडायचं तर नकोच. भांडणारी बाई हवी." एकतीस वर्षं हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होती, म्हणाली, तिथे भांडणं मिटवण्यातच जन्म गेला, आता एकदा मनसोक्त भांडायचंय. विषय तयारच होता. सोसायटीच्या कमिटीने बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या काढायला सांगितल्या होत्या आणि मावशी एकटी त्यांच्याशी लढत होती. अर्ध्या तासाची एकांकिका. पंधरा दिवसांत देतो म्हणालो.

पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. चौतीस वर्षं मिनिस्ट्रीत दुसऱ्यांच्या मसुद्यांतले स्वल्पविराम हलवलेला माणूस मी, स्वतःचे कसे सोडणार? पहिल्या वर्षी सुरुवात जमली नाही. दुसऱ्या वर्षी दोरीचा पीळ नक्की कसा घालतात हे कळल्याशिवाय पुढे लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं, म्हणून बसने पानिपतला गेलो. तिथे दोरीबद्दल कोणी काही सांगितलं नाही. चार चादरी मात्र गळ्यात पडल्या. (मावशी म्हणाली, मराठी माणूस पानिपतहून चादरी घेऊन सुखरूप परत आला, हीदेखील प्रगतीच.) चौथ्या वर्षी नववा खर्डा तिच्या हाती दिला. आठ दिवसांत तिने तो तोंडपाठ केला, ताई. भाजी निवडताना म्हणून दाखवायची, एक शब्द चुकायचा नाही. आणि मी काय केलं? "अजून एक हात फिरवतो," म्हणून तो काढून घेतला.

अडलं होतं शेवटचं वाक्य. नायिका दोरीला हात लावून म्हणते, 'या दोरीवर मी नुसते कपडे नाही, ऋतू वाळत घातले आहेत.' आठ महिने मी 'ऋतू' आणि 'वर्षं' यांच्यात येरझाऱ्या घालत होतो. मग चौदावा खर्डा तिला दिला, सतरावा दिला, तेही परत घेतले. दरम्यान मावशी एकाच चहात दोनदा साखर घालू लागली. ते मला दिसत होतं, पण मी मान खाली घालून लिहीत होतो.

यंदा क्षिप्राने माझ्या टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि मला न विचारता मंडळाकडे दिला. वर म्हणाली, "अब बस करो यार, मावशी अठ्ठ्याहत्तरची झाली." मी दोन दिवस अबोला धरला. तिने तो शांततेचा लाभ म्हणून स्वीकारला.

प्रयोग कम्युनिटी हॉलमध्ये झाला. मी विंगेत संहिता धरून बसलो. मावशीने एंट्रीलाच टाळी घेतली, पण बोलू लागली ते तिन्ही खर्ड्यांतलं एकत्र. नवव्यात कमिटीचा सेक्रेटरी तिचा जावई होता, चौदाव्यात शेजारी. सेक्रेटरी झालेल्या श्रीपाद जोगळेकरांना तिने आधी "जावईबापू" म्हणून झापलं आणि मग "तुमची बायको कुठे असते?" असं विचारलं. हॉल हसून लोळत होता. मी मात्र चुका मोजत होतो. मग शेवटचं वाक्य आलं आणि ती थांबली. मी हळूच म्हणालो, "या दोरीवर..." मी मोठ्याने म्हणालो. तिने विंगेकडे बघितलं.

"उन्मेष, मला माहितीय काय म्हणायचंय ते. तू गप्प बस."

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. मग ती दोरीला हात लावून श्रीपादरावांना म्हणाली, "हे गेल्यावर दोन महिने मी ह्यांचा शर्ट रोज धुऊन इथे वाळत घालत होते. घालणारं कोणी नव्हतं. खालचे शर्माजी विचारायचे, साहब घर पे हैं? मी म्हणायचे, हैं. आता काढा दोरी."

श्रीपादरावांच्या हातात कात्री होती. त्यांनी ती खिशात ठेवली. कोणीतरी पडदा ओढला.

ताई, तुला हे ठाऊक होतं? मला नव्हतं. तुझे अप्पा गेले तेव्हा मी दोनच मजले वर राहत होतो. तो शर्ट मी बाल्कनीतून रोज पाहिला असणार. सात वर्षं मी एका वाक्यासाठी पानिपतपर्यंत गेलो, पण दोन जिने उतरून तिला एकदाही विचारलं नाही. तिला सगळं आठवत होतं तेव्हा सात नाटकं झाली असती, सातही वाईट, आणि दरवर्षी ती भांडली असती. हे मला आता दुरुस्त करता येत नाही.

प्रसाद घेताना तिने मला बाजूला ओढलं. "तुझं वाक्य बरोबर आलं ना रे?"

"अगदी तसंच आलं, मावशी."

"मग झालं," म्हणाली, आणि माझ्या द्रोणातला पेढा उचलला.

तुझा भाऊ,
उन्मेष

ता. क. पुढच्या वर्षासाठी नवी एकांकिका चार दिवसांत लिहून तिला दिली. टुकार आहे. मावशी खूश आहे.

ता. क. २ खरं सांगायचं ते हे. फोनवर आम्ही "वयामुळे होतं" म्हणतो, पण गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय. मुलांच्या परीक्षा, भावोजींची रजा, इथली हवा, सगळं जुळलं की येते म्हणतेस. जुळेपर्यंत थांबू नकोस. अजून ती तुला नावाने हाक मारते. आत्ता ये.

ता. क. ३ येतेस हे तिला कळवू मात्र नकोस. कळवलंस तर "पडदे धुऊन होईपर्यंत थांब" म्हणेल. हा थांबण्याचा रोग मला तुमच्याच बाजूने आलाय.