दोन वाट्या आंबील

पोशेरा, ता. मोखाडा
२० एप्रिल २०२५

प्रिय हरेशदादा,

रंजनाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनी आणि योगिताही मजेत असतील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच.

आधी बातमी. बाची दुर्बिणीची तपासणी पुन्हा केली आणि यावेळी नीट झाली. आतड्यात शेंगदाण्याएवढी गाठ होती, ती डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे काढली. रिपोर्ट परवा आला. कॅन्सर नाही. पण गाठ तशीच राहिली असती तर पुढचं सांगता आलं नसतं, म्हणाल्या. रक्त जायचं ते तिच्यामुळेच. जानेवारीत ती नागलीच्या कोंड्याआड लपून बसली होती.

यावेळची तयारी मी कशी करून घेतली ते ऐकच. तीन दिवस आधीपासून नागली, पालेभाजी, सालीची डाळ बंद. नुसता पांढरा भात आणि ताक. आदल्या दिवशी आरपार दिसेल तेवढंच: भाताची गाळलेली निवळ, साखरपाणी, कोरा चहा. मागे पोट साफ करायचं सगळं औषध आदल्या संध्याकाळी पाजून पहाटेच्या जीपने निघालो होतो. यावेळी आदल्या दिवशीच नाशिकला कमूमावशीकडे मुक्काम केला. औषधाचा दुसरा अर्धा भाग तपासणीच्या पाच तास आधी घ्यायचा असतो, आणि तो घेऊन जीपमध्ये बसणं कुणाच्या बापाला जमणार नाही. आपल्या बापालाही नाही.

बा संडासच्या दर खेपेला मावशीच्या दारावर खडूने रेघ ओढायचा. चौदा रेघा झाल्या. शेवटी नुसतं हळदीचं पाणी. दिवाळीला सारवलेल्या घरासारखा झालो, असं शेजाऱ्यांनाही सांगून आला. मावशीने तोंडावर पदर घेतला.

तयारी कुणी करून घेतली, असं बाईंनी विचारलं. भूल पुरती उतरली नव्हती तरी बा म्हणाला, "माझ्या पोरीनं. आशाताई हाय ती." दादा, मला रडू आलं. तयारीचा मी लिहिलेला कागद बाईंनी मागून घेतला. आता मोखाड्याच्या पेशंटना तोच देतात. पाड्यावरचे मधुकाका गेल्या आठवड्यात त्याच कागदावर पहिल्या फेरीत पास झाले. मी जरा मिरवतेय. मिरवू दे.

आता ज्यासाठी बसले ते.

जानेवारीतही दवाखान्याच्या कागदावर स्पष्ट होतं, अन्न नाही. मी वाचलं होतं. पण लांबच्या वाटेला जाणारं माणूस आपल्याकडे रिकाम्या पोटी कोण पाठवतं? अडुसष्ट वर्षांचा बा चुलीशी कुडकुडत बसलेला, मला बघवलं नाही. आदल्या दुपारी एक वाटी आणि पहाटे एक, अशी नागलीची आंबील मीच दिली. पातळ तर आहे, म्हटलं. बा नको म्हणत होता.

तपासणी वाया गेल्यावर बाईंनी काय खाल्लं म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बा म्हणाला, "आंबील पिलो. चोरून. पोरीला ठाव नाय." तू सुट्टी काढून आला होतास. सगळ्यांसमोर त्याला म्हणालास, तुझ्या जिभेपायी आमचे हाल. मी खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर बा मला एवढंच म्हणाला, "लोकांना औषधं तुला सांगायची हायत. तुझ्यावरचा इस्वास जायला नको."

त्यानंतर तू बोहाड्यालाही आला नाहीस. बाने सोंग घेतलं होतं. मुखवट्याआडून तो एसटीच्या रस्त्याकडे बघत होता, हे मला कळत होतं.

दुसऱ्यांदा तो तयार होणार नाही असं वाटलं होतं. पण म्हणाला, "तू देशील तेच पिईन." जिच्यामुळे बोलणी खाल्ली तिच्याच हातून. असा आपला बाप आहे दादा, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

हरेशला सांगू नको, असं तो अजून म्हणतो. मी सांगितलं. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण येऊन त्याच्याजवळ बस. का आलास, हे तो विचारणार नाही.

त्या दिवशी गप्प राहिलेली,
तुझी बहीण
रंजना