कॅनमधला आवाज

नाशिक रोड. रविवार, १२ डिसेंबर २००४, संध्याकाळ

घरी केलेली बिअर आज गप्प झाली. सकाळपर्यंत कॅनमधली हवा नळीतून ग्लासातल्या पाण्यात येत होती. बुळुक, बुळुक. मटकीसारखं फडक्यात बांधून जवाला मोड आणले, ते वाळवून उकळले, गार पाण्यात यीस्ट घालून कॅन भरला, झाकणात सलाईनची नळी खोचली, फट कणकेने लिंपली. पहिलीच खेप, सगळं मन लावून केलं. पण खरं सांगायचं तर चवीची उत्सुकता नव्हतीच. घरात माझ्याशिवाय काहीतरी आवाज करत होतं.

ज्यांनी शिकवलं त्या ऑफिसातल्या पगारेंना फोन केला. "बुडबुडे थांबले ना साहेब? मग झाली तयार! बाटल्यांत भरा आता. फक्त आत साखरबिखर टाकू नका, पुन्हा बुडबुडे सुरू होतील." आनंद व्हायला हवा होता. का नाही झाला?

मग पुण्याहून हिचा फोन. लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती दिवाळीलाही आली नाही. "बाळाला सोडून पाय निघत नाही हो. संक्रांतीनंतर बघू. एकटे कंटाळत नाही ना?"

"छे, मजेत आहे." पटकन म्हणून गेलो. तिनेही लगेच खरं मानलं.

फोन ठेवला, कणीक खरवडली आणि मूठभर साखर कॅनमध्ये टाकली. झाकण पुन्हा लिंपलं. पगारे शिव्या घालतील. बिअर नासली तर नासू दे.

तेव्हापासून ग्लासाजवळ स्टूल ओढून बसलोय. भात कधीच गार झाला.

बुळुक.

आला. आता जेवायला बसतो.