मागच्या डाव्या दारातला आवाज

सोमवार, ३ मार्च

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. मालकांनी पहिल्याच दिवशी वही हातात ठेवली आणि सांगितलं, की गाडीत काय बिघाड होता आणि कसा सापडला ते रोज लिहायचं. म्हणजे तोच घोळ पुन्हा आला तर डोकं खाजवत बसायला नको. बरं, म्हटलं. पण मी एकदा लिहायला बसलो की बिघाडापाशी थांबणारा माणूस नाही. बायको म्हणते, लेकीची बडबड काही आकाशातून पडलेली नाही.

लेक सहा वर्षांची. तिला आम्ही टकळी म्हणतो, कारण डोळा उघडल्यापासून तिच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. सामान उतरवेपर्यंत तिने खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला आमची सगळी कुंडली सांगून टाकली, मी घोरतो हेसुद्धा. शिंपी आता मला बघून गालातल्या गालात हसतो. हसू दे बापडा.

दुकान मस्त आहे. लांबट शेड, दोन गाड्या आरामात उभ्या राहतात, हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली. इथे इंजिनाचं काम नाही, डेंटिंग नाही. फक्त गाडीतली गाणी. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरी. आणखी काय पाहिजे माणसाला!

गुरुवार, ६ मार्च

आज दोन गाड्यांनी माझी कॉलर ताठ केली. पहिलीचा अ‍ॅम्प्लिफायर दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. आधीच्या दोघांनी हात टेकले होते. मी सीट उचलली तर अ‍ॅम्प्लिफायर गालिच्याखाली गुंडाळलेला. त्याला श्वास घ्यायला जागा नको का? दुसरीत इंजिन सुरू केलं की स्पीकर शिट्टी मारायचे. अर्थिंगची वायर रंगावरच आवळलेली होती. रंग खरवडून नीट पत्र्याला लावली, शिट्टी गायब. मालक लांबून बघत होते. मग चहा स्वतः घेऊन आले.

माझी पद्धत सरळ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डावा स्पीकर उजवीकडे, उजवा डावीकडे. बिघाड स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर खराब, जागेवर राहिला तर वायर किंवा अ‍ॅम्प्लिफायर. तरी खात्री पटली नाही, तर तो स्पीकर एखाद्या धडधाकट गाडीत लावून बघायचा. माझी स्वतःची गाडी मी त्यासाठीच ठणठणीत ठेवली आहे.

मंगळवार, ११ मार्च

आज एक शाळेतल्या बाई आल्या. चाळिशीच्या असतील. गाडी राखाडी रंगाची, आतून अगदी लख्ख. बाई बोलत नाहीत. पर्समधून वही काढून लिहून दाखवतात. मला वाटलं जन्मापासूनच असं असेल, पण मालक नंतर म्हणाले की वर्षभरापूर्वी त्यांचा आवाज गेला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. आता वर्गावर जात नाहीत, शाळेच्या कचेरीत बसतात.

बाईंनी लिहिलं: मागच्या डाव्या दारातल्या स्पीकरमधून आवाज येतो. सगळं बंद असलं तरी येतो. स्पीकर भंगारवाल्याकडून जुना घेऊन लावला होता.

गाडीत बसलो, दार लावलं. खरंच येत होता. बाईमाणसाचा आवाज, बारीक, पण स्वच्छ. "बोट ठेव. आता वाच. घाई नको करू." म्हटलं, हात्तिच्या, हे तर रेडिओचं स्टेशन. लांब वायर कधीकधी एरियलचं काम करते. स्पीकर उजवीकडे लावला. आवाज त्याच्याबरोबर उजवीकडे गेला.

बुधवार, १२ मार्च

स्पीकर काढून टेबलावर ठेवला. एकही वायर जोडलेली नाही. तरी बोलतोय.

हे मात्र वहीत नीट लिहून ठेवायला हवं, असला बिघाड मी बापजन्मात पाहिला नाही. सकाळपासून चार तास त्याला कान लावून बसलो. सुरुवातीला धडेच्या धडे चालले होते. दुपारनंतर वाक्यं तुटायला लागली. संध्याकाळी फक्त "वाच... वाच". एकदा पाना खाली पडला, टेबल हादरलं, तर एक अख्खं वाक्य भसकन बाहेर पडलं. बिघाड आपोआप कमी होतोय असं दिसतं.

बाईंच्या गाडीत नवा स्पीकर बसवून दिला. त्यांनी लिहिलं: जुना परत द्या. आणि खाली: तो ऐकू नका. "ऐकू नका"खाली दोन रेघा. मी हसून म्हटलं, बाई, ऐकल्याशिवाय बिघाड कसा सापडणार, डॉक्टर नाडी न बघता औषध देतो का? त्या हसल्या नाहीत. शनिवारी देतो म्हणून सांगितलं.

शनिवार, १५ मार्च

परवा तो स्पीकर माझ्या गाडीत लावला. बिघाड जिथे होता तिथेच बघायचा, म्हणून मागच्या डाव्या दारात. गाणं लावलं आणि काय सांगू! माझ्या स्वतःच्या स्पीकरपेक्षा गोड वाजतो. खरखर नाही, काही नाही. बाई दुपारी येऊन उभ्या राहिल्या. सोमवारी नक्की, म्हटलं. बिघाड न सापडता वस्तू परत द्यायची म्हणजे माझ्या जिवावर येतं.

टकळी मागे डावीकडेच बसते. शाळेत जाता-येता ती दाराच्या जाळीला तोंड लावून बोलत असते. विचारलं तर म्हणाली, दारात एक बाई आहेत, त्या नुसतं वाच म्हणतात, म्हणून मी त्यांना पाट्या वाचून दाखवते. आम्ही दोघं हसलो. बायको म्हणाली, चला, कोणीतरी ऐकणारं भेटलं, आपल्या कानांना तेवढीच सुट्टी.

सोमवार, १७ मार्च

टकळीचा घसा बसलाय. बोलते आणि मधलेच शब्द गळतात. डॉक्टर म्हणाले, ओरडली असेल, कोमट पाणी द्या. बाई आज आल्या नाहीत. स्पीकर काढायचा राहिला.

मंगळवार, १८ मार्च

आवाज पूर्ण गेला. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा साफ आहे म्हणतात. दोन आठवड्यांनी बघू म्हणतात. ती घाबरून रडली आणि रडण्यालाही आवाज नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि घरात शांतता. बायको भांडी घासतच राहिली, तीच ताटली, पुन्हा पुन्हा.

औषध गाडीत राहिलं होतं ते आणायला खाली गेलो. गाडी बंद, किल्ली माझ्या हातात. मागच्या डाव्या दारातून माझी लेक बोलत होती. शिंपीकाकांची कात्री केवढी मोठी आहे, आणि त्यांनी मला लाल चिंधी दिली, आणि बाबा, ऐक ना—

मी ऐकत उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

बुधवार, १९ मार्च

सकाळीच बाईंचं घर गाठलं. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या. मग लिहीत गेल्या, मी वाचत गेलो.

त्या शाळेत जाताना गाडीत धडे मोठ्याने म्हणत असत. उद्या वर्गात काय सांगायचं त्याची तयारी. आवाज त्या दारात गेला. पुढे स्वतःचाच आवाज ऐकायला त्या रोज गाडीत जाऊन बसायच्या. वर्षभरानंतर लक्षात आलं. त्यांनी लिहिलं: एकदा ऐकलेलं पुन्हा येत नाही. जेवढं ऐकाल तेवढं संपतं. म्हणून तुमच्याकडे आणला. न ऐकता कोणी बाहेर काढून देईल अशी आशा होती.

आणि मी चार तास कान लावून बसलो. त्यांच्या वाट्याचं उरलेलं सगळं मी त्या टेबलावर संपवलं. पद्धतशीर. वहीत नोंद करून.

मी हात जोडले. त्यांनी मान हलवली. मग लिहिलं: मुलीला वाचवा.

आता मला कळतं काय झालं ते. स्पीकर उलटा चालला की माईक होतो. समोर बोललं की पडदा हलतो आणि आवाज तारेत शिरतो, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. हा आत शिरलेला आवाज सोडत नाही, एवढंच. पण एवढंच म्हणून काय उपयोग?

गुरुवार, २० मार्च

स्पीकर काढला. काढताना स्क्रू ड्रायव्हर घसरला आणि "आई, हे बघ" एवढं सांडलं. गेलं ते. आता हादरा म्हणून बसू द्यायचा नाही. तीन गोधड्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला.

मालकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण पटलंही नाही. म्हणाले, पोरीच्या काळजीने तुझं डोकं फिरलंय, आठवडाभर सुट्टी घे. मी सुट्टी नको म्हटलं. मला टेबल हवं आहे, मीटर हवा आहे. वायरी उलट्या जोडून पाहिल्या. अगदी बारीक करंट देऊन पाहिला. पडदा जरा हलला की एक शब्द जातो, आणि जातो तो हवेत. तिच्या घशात नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारी जेवायला घरी गेलो. रात्री घरी आणलेला स्पीकरचा डबा उघडा, गोधड्या बाजूला. बायको स्पीकर कानाशी धरून बसलेली.

मी तिच्यावर ओरडलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, असा कधी ओरडलो नव्हतो. ती शांतपणे म्हणाली, "चार दिवस झाले, तिने मला आई म्हटलं नाही. तुम्ही मंगळवारी एकटेच ऐकून आलात ना?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो. दोघांनी मिळून डबा बांधला. तिने विचारलं, आत किती उरलंय. मला माहीत नाही. हे मोजायचा मीटर नाही.

रविवार, २३ मार्च

एक उपाय सुचला. आत काहीतरी घातलं तर बदल्यात काहीतरी बाहेर येईल. एक बदलायचं, बाकी तसंच ठेवायचं, जन्मभर हेच केलं.

सकाळपासून त्या जाळीशी बोलतोय. माझं लहानपण, पहिली नोकरी, ती जन्मली तो दिवस. बायको दारात उभी. म्हणाली, पुरे. मी पुरे केलं नाही.

सोमवार, २४ मार्च

माझा गेला. तिचा आला नाही.

आत आम्ही दोघं आहोत. आज डबा उचलताना माझा आवाज आला, मग तिचा. तिचा आता धड वाक्य होत नाही. "बाबा" आणि पुढे—

घरात फक्त बायको बोलते. तीही हळू, कोणी ऐकेल की काय अशी.

मंगळवार, २५ मार्च

डबा गाडीच्या डिकीत ठेवला होता. घरात ठेवला की आमच्यापैकी कोणीतरी उघडतं. टकळीने ते पाहिलं. आम्हाला ऐकताना तिने पाहिलंय. तिला वाटतं, आपलं आपल्याला मिळायला हवं.

आता दुपारचे दोन. दुकानाच्या अंगणात आमची गाडी. जेवण द्यायला आलेल्या आईचा हात सोडून टकळी आत शिरली, दारं आतून बंद, किल्ली तिच्या मुठीत. मागची सीट पाडून तिने डबा ओढून घेतला आहे. गोधड्या सोडतेय. बायको दुसरी किल्ली आणायला घरी धावली. काच फोडली तर हादरा बसेल. दार ठोठावलं तरी बसेल. मला हाक मारता येत नाही.

ती मला बघून हसली. स्पीकर कानाला—

सोपी अक्षरं येतात तिला. मोठं लिहून काचेवर धरतो.

टकळे

तो खाली ठेव

आवाज तुझाच आहे. ऐकलास की संपेल

एकच शब्द उरला

कान बाजूला कर. इकडे बघ. काचेकडे बघ. मी इथे आहे

नको हसू. वाच. राणी वाच

आई येतेय. तू फक

तू नको ऐकू. तो शे