वॉलरसची कलेजी कुणाच्या वाट्याला

ती. तुकुमेकताईस,

धाकट्या इलांग्वाकचा नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि बाळंतपणाला आलेली माझी लेक पानिंग्वाक, तिघांचंही बरं चाललंय ना? याच विमानाने आलेला डबा पत्र संपेपर्यंत कुणालाही उघडू देऊ नकोस. पानिंग्वाकला तर मुळीच नाही.

मी ठणठणीत आहे, फक्त फसलोय. समुद्रतळाचा चिखल तपासायला सिग्ने नावाची एक डॅनिश पोरगी आलीय. दिवसभर चिखल नि किडे बाटल्यांत भरते (आणि वर खूश असते!). बुधवारी आम्ही वॉलरस बर्फावर ओढत होतो, तर मला चेष्टा सुचली. म्हटलं, "बघत काय बसलीस, लाव हात दोराला!" लावला की तिने! आता दोर ओढला त्याला वाटा, हे तूच मला कान पिळून शिकवलंयस. म्हटलं, माग बाई काय हवं ते. (मागून मागून काय मागेल, एखादा सुळा!) तिने मागितलं पोट आणि कलेजी. ताई, पोट शिंपल्यांतल्या ताज्या तिसऱ्यांनी गच्च भरलेलं गं! आणि खायला नव्हे, पिशवीत घालून चिठ्ठ्या चिकटवायला!

मीही हट्टाला पेटलो. तिच्या तंबूत ठाण मांडलं, म्हटलं, कारण कळल्याशिवाय हलणार नाही. तिने गेल्या वर्षीचे आकडे काढले. चिखलातला पारा किड्यांत नि तिसऱ्यांत, तिथून वॉलरसमध्ये, कलेजीत साठत साठत आपल्या ताटात. मी म्हटलं, माझा बाप ऐंशी वर्षं हेच खाऊन जगला. ती म्हणाली, "काका, घरात कुणी पोटुशी आहे का?" मी तसाच धावपट्टीकडे पळालो. कारण डबा आदल्याच दिवशी विमानाच्या सामानात गेला होता. विमान धुक्यात अडकलंय, पण टपाल तेवढं घेतात, चढवलेलं सामान परत देत नाहीत.

तेव्हापासून रोज घरोघर सांगत फिरतोय. म्हाताऱ्या नादुकने "डॅनिशांचा चमचा!" म्हणून दार आपटलं. उद्या पुन्हा जाणार. बाळ येईपर्यंत मीही कलेजीला शिवणार नाही.

तुझा,
इलांग्वाक

ता. क. डब्यात वर मांस, तळाशी आधीच्या शिकारीची कलेजी आहे. पानिंग्वाकला फोनवर सांगून पाहिलं, तर म्हणते, "बाबा, दिलेला वाटा परत घेतोस? लाज नाही वाटत?" कलेजी ती खाणारच, पण रीत मोडणार नाही. (माझीच पोर!) डब्याला दोर बांधलेला आहे. दारातून आत घेताना तिच्यादेखत तू ओढ. मग वाटा माग, आणि कलेजीच माग. माझ्या नातवंडासाठी एवढं करच, ताई.

ता. ता. क. तू सत्तरीची, तुझं बाळंतपण काही राहिलेलं नाही. तेव्हा फेकू नकोस, खा. मात्र कशी लागली ते मला कळवू नकोस.