नवापूर स्टेशनावर हळद

३ नोव्हेंबर १९९६, रविवार
संकल्प: आजपासून लग्नाचे फोटो हा साईड बिझनेस. मुंबईच्या एका मासिकानं रेल्वे मॉडेलच्या फोटोंची स्पर्धा काढलीय. पहिला नंबर कॅलेंडरवर. शेवटची तारीख ५ डिसेंबर. आणि मॉडेल आपल्याच गल्लीत! रिटायर्ड पॉइंट्समन नागनाथदादांनी खाटेएवढ्या प्लायवूडवर अख्खं नवापूर स्टेशन उभं केलंय. नऊ वर्षं खपले. लूमच्या रिकाम्या बॉबिनची पाण्याची टाकी, जरीच्या तारेचे सिग्नल, आणि तो अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत असलेला बाक.

१ डिसेंबरला मोडणार. मुलाचं, लोकेशचं लग्न आहे, खोली एकच. दादा म्हणाले, पंडितभाऊ, एक साधा फोटो दे, भिंतीवर लावीन. साधा! मी म्हटलं, असा काढतो की स्टेशन मास्तर तिकीट मागेल.

कॅलेंडर आलं की एक समोरच्या बन्सीलालच्या स्टुडिओत मी स्वतः खिळा ठोकून लावणार.

१० नोव्हेंबर, रविवार
आज जाणार होतो. प्रकाश बरोबर नव्हता. (बाहेर पडलो नाही, पण उशीवरून कळतं.)

संध्याकाळी बन्सीलाल चहाच्या टपरीवर कुणाला तरी त्याच्या गुजरातीत सांगत होता, पंडित रमकडांना फोटा पाडे छे. खेळण्यांचे फोटो! मध्ये रस्ता, रस्त्यावर टेम्पो, तरी शब्द न् शब्द ऐकला. डोळे सगळ्यांना असतात. कान मला आहेत. लग्नात लाईट धरणाऱ्या पोऱ्याचा मी स्टुडिओवाला झालो तो कानांवर.

१७ नोव्हेंबर, रविवार
मास्टर प्लॅन. मिक्सिंग! नवरा-नवरीला ताजमहालावर बसवतो तसंच. आधी रोलभर खरं आकाश घ्यायचं, रोल मागे गुंडाळायचा, पुन्हा भरून त्यावरच स्टेशन घ्यायचं. स्टेशनवर खरे ढग! तापीकाठी जाऊन छत्तीस आकाशं घेतली. एक म्हैस मध्ये आली, हाकलली.

गुंडाळताना फिल्म सुटल्याचा बारीक ‘टक्’ ऐकून थांबलो. टोक बरोबर बाहेर राहिलं, म्हणजे रोल पुन्हा भरता येईल. हे बन्सीलालला सात जन्मात ऐकू येणार नाही.

बायको, उषा, म्हणाली, रोलवर लिहून ठेवा काय आहे ते. मी म्हटलं, तुझ्या मसाल्याच्या डब्यांवर लिही. कानाशी धरून हलवला की माझा रोल मला कळतो.

तिनं डब्यांवर लिहिलेलंच आहे म्हणे.

२४ नोव्हेंबर, रविवार
दादा दोनदा येऊन गेले. बाहेरच्या ओट्यावर बसून म्हणाले, पंडितभाऊ, दिवस सहा राहिले रे. त्यांना कळत नाही, घाईनं कला होत नाही. तरी गोड बोललो. म्हातारा चिवट आहे.

बुधवारी नक्की.

२७ नोव्हेंबर, बुधवार
डोकं दुखतंय. शनिवारी नक्की.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
पलसाण्याला भगवान मुकादमाच्या पोरीची, सुंदराची हळद. साईड बिझनेस. एक रोल संपला. सवयीनं त्याचंही टोक बाहेर ठेवलं. जेवण तेलकट, माणसं त्याहून.

३० नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११
झालं! पिशवीत दोन रोल होते. हलवून ऐकले. आकाशाचा रोल हलका वाजतो. लगेच कळला. छत्तीस फ्रेम. गुडघ्यावर बसून, रुळांच्या लेव्हलला. दादा मागे टॉर्च धरून उभे. म्हणाले, एक तरी बिनमिक्सिंगचा घे ना भाऊ. मी म्हटलं, दादा, सर्जनला सुरी शिकवू नका. हसले बिचारे.

संध्याकाळी ५
दादांच्या खोलीकडून बन्सीलालच्या फ्लॅशची चार्ज होतानाची टींऽऽ ऐकू आली. तीच मशीन, शंभरात ओळखीन. लोकेशचा पासपोर्ट फोटो असणार. त्याची झेप तेवढीच. उषा बाजारात.

१ डिसेंबर, रविवार
स्टेशन मोडलं. प्लायवूड उभं करून खोलीत पार्टिशन केलंय. दादांना म्हटलं, काळजी नको, माझ्या रोलमध्ये सुरक्षित आहे.

२ डिसेंबर, सोमवार
लॅबमधून दोन्ही रोल आले.

एकात छत्तीस वेळा आकाश. सुंदर आलंय.

दुसऱ्यात प्लॅटफॉर्मवर सुंदराची मावशी जिलबी खातेय. इंजिन नवरीच्या कानातून बाहेर पडतंय. सिग्नलला हळदीचा हात.

लॅबवाल्यानं रोल बदलले असणार.

३ डिसेंबर, मंगळवार
भगवान मुकादम आला. हाई काय शे भाऊ, मनी पोरना डोकावर इंजिन? मी म्हटलं, नवी फॅशन आहे, स्पेशल मिक्सिंग. म्हणाला, पुन्हा हळद लावू का तिला? सासरी गेली ती! घरातल्या पुढच्या कार्यांचं काम त्यानं बन्सीलालला दिलं. गल्लीभर ऐकू जाईल असं सांगून गेला. त्यासाठी कान लागत नव्हते.

दादांना सगळे फोटो दाखवले. एकेक भिंगाखाली धरत होते. बाक कुठंय, विचारलं. मावशीखाली आहे, म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर, बुधवार
दादा पुन्हा आले, एक फोटो फ्रेम करायला घेऊन. फ्रेम माझ्याकडेच चांगली होते म्हणाले. फोटो साधा. समोरून फ्लॅश. टाकी, सिग्नल, गाडी, बाक, बाकामागं दादा. सगळं शार्प. मागे बन्सीलालचा शिक्का.

शिक्क्याखाली बॉलपेननं मराठीत: नवापूर स्टेशन, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५.

अक्षर ओळखीचं आहे. आमच्या हळदीच्या डब्यावर तेच आहे.