सलीमच्या शेळीची धार

प्रिय अण्णा,

आज सकाळी सलीमच्या दारातून मी तोंड पाडून परत आलो, त्याला कारण तू. म्हणून लिहायला बसलोय. तुला जाऊन वर्ष झालं तरी तुझा हेवा सुटत नाही, याला काय म्हणावं?

सलीमची अम्मी परवा गेली. मी टोपी घालून भेटायला गेलो. त्याच्याजवळ बसून देवाची मर्जी, जन्ममरण, सगळं नीट सांगितलं. त्यानं मान हलवली आणि माझ्या मागं दाराकडं बघत म्हणाला, "आज आण्णा पायजे हुते ओ, तात्या."

मी समोर बसलो होतो की रे!

आयुष्यभर हेच. कुणाच्या घरी मयत झाली की मी ओसरीवर समजूत घालायचो. तू न बोलता मागं गोठ्यात जायचास, जनावरांना पाणी दाखवायचास, धार काढायचास. लोक माझं ऐकून घ्यायचे आणि रडायचे तुझ्या गळ्यात पडून. हरिपाठ मला पाठ, तुला दोन ओळी धड येत नव्हत्या. देवानं ही कसली वाटणी केली?

आपले बापू गेले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि गाय दिवसभर हंबरत होती. धार काढायला कुणीच उठलं नाही. तू तिथंच शिकलास ना? मीही तिथंच होतो, अण्णा. मलाही ती ऐकू येत होती.

आज सलीमकडून निघताना मागं शेळी ओरडत होती. घरी येऊन देवापुढं दिवा लावला, जप केला, आवाज कानातून जाईना. संध्याकाळी पुन्हा गेलो, थेट मागं. शेळीनं लाथ मारून भांडं सांडलं. सलीम आला.

"तिला अम्मीबिगर कुणाची सवय न्हाय, तात्या."

"मग पाय धर की तिचे."

त्यानं धरले. धार लागली, तसा तो तिच्या पाठीवर कपाळ टेकून रडला. मला बोलायचं खूप होतं. धार काढत राहिलो.

निघताना म्हणाला, "आण्णाबी आसंच करायचे."

बघ, तिथंही तू आलासच.

उद्या सकाळी जाईन, परवाही जाईन, ती लाथ मारायची थांबेपर्यंत. त्या शेळीला तुझा हात कधी लागलेला नाही. तिला माझीच सवय होऊ दे.

तुझा धाकटा,
तात्या